अमेरिकन हायस्कुलांतील शालान्त विद्यार्थ्यांची छायाचित्रे : एका प्रथेचा इतिहास

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हायस्कूलच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या, वर्गातील विद्यार्थ्यास ‘सीनियर’ म्हणतात. या विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी व्यावसायिक छायाचित्रकाराकडून आपले एकट्याचे छायाचित्र काढून घ्यावयाचे, त्याची एक प्रत शाळेच्या वर्षग्रंथात छापली जावयाची, आणि उरलेल्या प्रती आप्तेष्टांना व वर्गमित्रांना वाटावयाच्या, अशी तेथे जुनी प्रथा आहे. आपल्याकडे निरोपसमारंभाच्या दिवशी शिक्षक खुर्च्यांवर आणि विद्यार्थी त्यांच्यामागे बाकांवर उभे राहून जे समूहचित्र घेतले जाते, त्याहून ही प्रथा स्वरूपाने भिन्न आहे. समूहचित्रात वर्ग हा घटक असतो. अमेरिकन वर्षग्रंथाच्या पानावर मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र चौकट मिळते, चौकटीखाली त्याचे नाव येते, आणि या सर्व चौकटी आकाराने सारख्या असतात.

छायाचित्रणाच्या इतिहासकारांनी या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कलेच्या दृष्टीने त्यात नावीन्य थोडे, आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते नित्याचे काम, हे त्याचे कारण असावे. तथापि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला या चित्रांची उपेक्षा करून चालणार नाही. कुटुंबाने जपून ठेवावयाचे खासगी चित्र आणि शाळेने प्रसिद्ध केलेली सार्वजनिक नोंद अशी दोन कार्ये एकाच चित्राने केली आहेत. या दोन कार्यांतील ओढाताण हेच या प्रथेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचे योजिले आहे. चित्रातील चेहऱ्यावर अधिकार कोणाचा आणि नोंदीच्या पानावर जागा कोणाला, हे दोन प्रश्न या सूत्राशी निगडित आहेत. ते कधी व्यापाराच्या, कधी वर्णभेदाच्या, तर कधी न्यायालयीन वादाच्या रूपाने पुढे आलेले दिसतात.

२

प्रथेचा उगम हायस्कुलात झालेला नसून तो कॉलेजात आहे. वर्गमित्रांची रूपे एकत्र बांधून ठेवण्याची हौस छायाचित्रणाच्याही आधीची आहे. येल कॉलेजातील १८०६ सालच्या वर्गापैकी काही विद्यार्थ्यांच्या काळ्या छायाकृतींचा एक संग्रह त्या काळी तयार झाला होता, आणि वर्षग्रंथाचा पूर्वज म्हणून त्याचा निर्देश अनेकदा केला जातो. पुढे १८३९ साली दागेरचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला, आणि एका वर्षाच्या आतच अमेरिकेत या नव्या विद्येने व्यक्तिचित्रे काढण्यास प्रारंभ झाला. न्यूयॉर्कमध्ये वॉलकॉट आणि जॉन्सन यांनी व्यक्तिचित्रणाचा स्टुडिओ उघडला तो १८४० साली. तारायंत्राचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला सॅम्युएल मोर्स हा मूळचा चित्रकार. तो येलच्या १८१० सालच्या वर्गाचा विद्यार्थी होता, आणि त्याने १८४० साली वर्गाच्या पुनर्मीलनप्रसंगी आपल्या जुन्या सहाध्यायांचे दागेरोटाइप चित्र घेतले, असे सांगितले जाते.

परंतु दागेरोटाइपची एक मर्यादा या उपयोगाच्या आड येत होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेले हे चित्र एकुलते एक असे, आणि त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. वर्गमित्रांनी परस्परांना चित्रे द्यावयाची, तर एका बैठकीतून अनेक प्रती निघणे अवश्य होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीने काचेवर निगेटिव्ह मिळू लागली. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. बॉस्टनच्या जॉन अॅडम्स व्हिपलसारख्या छायाचित्रकारांनी १८५० नंतरच्या दशकात हार्वर्डच्या पदवीधर वर्गांची चित्रे घेतली. त्याच दशकात पॅरिसच्या दिस्देरीने भेटकार्डाएवढ्या लहान चित्रांचा प्रकार रूढ केला, आणि चित्रांच्या देवाणघेवाणीला सर्वत्र उधाण आले.

या व्यवसायाला निश्चित वळण लावणाऱ्यांत जॉर्ज केंडल वॉरेन याचे नाव अग्रगण्य आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात व त्यानंतर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, वेस्ट पॉइंट इत्यादी संस्थांतील पदवीधर वर्गांची कामे मिळविली. विद्यार्थी, अध्यापक, इमारती आणि परिसर या सर्वांची चित्रे तो घेत असे. विद्यार्थी त्यांतून आपल्याला हवी ती चित्रे निवडून विकत घेत आणि चामड्याच्या बांधणीत बांधून घेत. त्यामुळे एकाच वर्गातील दोघांचे आल्बम सर्वस्वी सारखे क्वचितच आढळतात. ज्याचा जिव्हाळा ज्यांच्याशी, त्यांची चित्रे त्याच्या संग्रहात जात, आणि ज्याची ऐपत अधिक, त्याचा संग्रह मोठा होई. चित्राच्या खाली किंवा मागे मित्राची स्वाक्षरी घेण्याची चालही याच काळात दृढ झाली.

या टप्प्यावर विद्यार्थ्याचे छायाचित्र ही सर्वस्वी खासगी वस्तू होती. शाळा किंवा कॉलेज त्याचे प्रकाशक नव्हते. त्याचा परिवारही मूठभर होता, कारण त्या काळी कॉलेजापर्यंत पोहोचणारे तरुण अत्यल्प असून ते बहुतांशी सधन घरचे असत. या अल्पसंख्य वर्गाची चाल सर्वसामान्यांच्या हायस्कुलात कशी उतरली, हे आता पाहू.

३

बॉस्टनमध्ये अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली निघाले. तरीही पुढील अर्धशतकभर हायस्कूल ही करांच्या पैशांतून चालवावयाची संस्था आहे की नाही, याविषयी मतभेद होते. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामझू येथील खटल्यात १८७४ साली असा निर्णय दिला की, हायस्कुलासाठी कर बसविण्याचा अधिकार स्थानिक शाळा-मंडळास आहे. या निर्णयाचा आधार पुढे इतर राज्यांतही घेण्यात आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर हायस्कुलांचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रसाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यानुसार १९१० साली त्या वयाच्या तरुणांपैकी सुमारे ९ टक्के हायस्कूल पूर्ण करीत होते. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. ज्या घरात पूर्वी कोणीही शालान्त झालेले नव्हते, अशा असंख्य घरांत एका पिढीच्या अवधीत शाळेचे प्रमाणपत्र आले. ते भिंतीवर लावावयाचे, तर त्याच्या शेजारी प्रमाणपत्र मिळविणाऱ्याचे चित्रही असावे, ही इच्छा साहजिकच होती.

याच सुमारास मुद्रणकलेत महत्त्वाचा बदल झाला होता. छायाचित्रातील करड्या छटा बारीक ठिपक्यांत विभागून त्यांचा धातूवर ठसा करण्याची हाफटोन ब्लॉकची पद्धती १८८० ते १९०० या काळात व्यवहार्य झाली. तोपर्यंत आल्बममध्ये प्रत्येक चित्र हाताने चिकटवावे लागे. आता मजकुराबरोबरच चित्रही छापता येऊ लागले आणि शंभर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांचे पुस्तक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आटोक्यात आले. कॉलेजच्या आल्बमातून अशा रीतीने हायस्कूलचा वर्षग्रंथ जन्मला.

हा बदल केवळ तांत्रिक नव्हता. वॉरेनच्या आल्बममध्ये कोणाला घ्यावयाचे, ते आल्बमचा धनी ठरवी. वर्षग्रंथात मात्र वर्गातील सर्वांची चित्रे नावांच्या वर्णानुक्रमाने येऊ लागली. बँकेच्या संचालकाची कन्या आणि गिरणी-कामगाराचा पुत्र यांची आडनावे एका अक्षराने सुरू होत असतील, तर त्यांच्या चौकटी शेजारी-शेजारी लागत. पोशाखाच्या बाबतीतही हीच समानता साधण्याचा प्रयत्न झाला. कॉलेजांतील झगा व टोपी यांच्या स्वरूपाविषयी १८९५ साली आंतरमहाविद्यालयीन संकेत ठरला, आणि विसाव्या शतकात हायस्कुलांनीही त्याचे अनुकरण केले. पुढे अनेक स्टुडिओंनी मुलींसाठी काळ्या मखमलीचे खांद्यावरून घ्यावयाचे वस्त्र आणि मुलांसाठी काळा कोट व बो ठेवण्यास सुरुवात केली. मखमलीचे तेच वस्त्र एकीनंतर दुसरी मुलगी परिधान करी. मागून ते टाचण्यांनी आवळलेले असे, आणि चित्रात केवळ गळा व खांदे दिसत. मुलांच्या कोटालाही पुष्कळदा केवळ दर्शनी भाग असे. घरची गरिबी किंवा श्रीमंती या योजनेमुळे चित्राबाहेर राही. त्याच योजनेने मुलगा आणि मुलगी यांच्यातील भेद मात्र अधिक ठळक केला, आणि त्याचे परिणाम पुढे दिसून आले.

४

छायाचित्रकारांच्या बाजूनेही या कामाची निकड निर्माण झाली होती. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि १९०० साली एका डॉलरचा ‘ब्राउनी’ कॅमेरा आणला. घरोघरी लोक स्वतःच चित्रे काढू लागले. ज्या प्रसंगांना घरगुती चित्र पुरेसे वाटत नाही, असे प्रसंग हाच मग स्टुडिओंचा आधार उरला. विवाह हा त्यांतील एक आणि शाळेची समाप्ती हा दुसरा. विवाहाची गिऱ्हाइके एकेक करून मिळवावी लागतात. शाळेचा वर्ग मात्र एका कराराने एकगठ्ठा मिळतो, आणि तोही दरवर्षी नव्याने. त्यामुळे हा व्यवसाय कराराच्या पायावर उभा राहिला.

त्याची रीत सामान्यतः अशी असे. शाळा एका स्टुडिओशी करार करी. स्टुडिओ वर्षग्रंथासाठी लागणारी चित्रे ठरलेल्या आकारात विनामूल्य किंवा अल्प आकाराने पुरवी आणि कित्येकदा शाळेला विक्रीतील काही हिस्साही देई. त्याची खरी प्राप्ती पालकांना विकल्या जाणाऱ्या प्रतींत असे. उन्हाळ्याच्या सुटीत किंवा शरदाच्या प्रारंभी विद्यार्थ्याने स्टुडिओत जाऊन बसावयाचे, आणि काही दिवसांनी तीन-चार ढबींच्या कच्च्या प्रती घरी यावयाच्या. या कच्च्या प्रती पक्क्या केलेल्या नसत. उजेडात ठेवल्यास त्या हळूहळू काळवंडत, म्हणून गिऱ्हाइकाने त्यांच्यावरच भागवून नेण्याची सोय नसे. निवड झाल्यानंतर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरील पुटकुळ्या व डाग घालविले जात. हे काम करणारे कुशल कारागीर, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, मोठ्या स्टुडिओंत स्वतंत्रपणे नेमलेले असत. अखेरीस भिंतीवर लावावयाची मोठी प्रत, नातेवाइकांसाठी मध्यम प्रती आणि मित्रांना देण्यासाठी पाकिटात मावणाऱ्या लहान प्रती असा संच घरी येई. लहान प्रतींच्या पाठीवर दोन-चार ओळी लिहून त्या वाटल्या जात. वॉरेनच्या काळातील स्वाक्षरीची चालच येथे नव्या रूपात टिकून राहिलेली आहे.

पुढे या क्षेत्रात मोठ्या कंपन्याही उतरल्या. मिनेसोटा राज्यात १९३६ साली स्थापन झालेली ‘नॅशनल स्कूल स्टुडिओज’ ही कंपनी पुढे ‘लाइफटच’ या नावाने देशव्यापी झाली, आणि २०१८ साली ‘शटरफ्लाय’ या कंपनीने ती विकत घेतली. गावातील स्टुडिओच्या मालकाने एका कुटुंबाचे बारसे, शालान्त समारंभ आणि लग्न अशी तिन्ही चित्रे काढावीत, हा जुना क्रम या कंपन्यांमुळे बऱ्याच ठिकाणी खंडित झाला. तथापि शेवटच्या वर्षाच्या चित्रासाठी स्थानिक छायाचित्रकाराकडे जाण्याची पद्धत समूळ नाहीशी झाली नाही.

या चित्रांतील मुद्रेचाही एक इतिहास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी, शिरी गिनोसार यांच्या नेतृत्वाखाली, १९०५ ते २०१३ या काळातील ३७,९२१ हायस्कूल-छायाचित्रांचे यंत्राच्या साहाय्याने परीक्षण करून २०१५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही चित्रे २६ राज्यांतील ११५ शाळांच्या वर्षग्रंथांतून घेतलेली होती. शतकाच्या ओघात चेहऱ्यावरील हास्य वाढत गेले आणि प्रत्येक काळात ते मुलांपेक्षा मुलींच्या चेहऱ्यावर अधिक होते, असे त्यांना आढळले. जुन्या चित्रांतील गांभीर्याचे कारण म्हणून प्रकाशनाचा दीर्घ काळ पुढे करण्यात येतो. दागेरोटाइपच्या आरंभकाळी डोक्याला मागून लोखंडी आधार लावून माणसाला निश्चल बसवावे लागे, हे खरे आहे. परंतु १९०५ साली कोरड्या काचपट्ट्यांमुळे हा काळ क्षणभराइतका उतरला होता, तरीही विद्यार्थी गंभीरच दिसतात. म्हणजे गांभीर्याचे कारण यंत्रात नसून रूढीत होते. चित्रकाराच्या पुढ्यात बसण्याची जुनी अदब छायाचित्रातही चालत आली. कोडॅकच्या जाहिरातींनी छायाचित्र आणि आनंद यांची सांगड घातल्यानंतर ती हळूहळू सैल झाली, असे प्रतिपादन क्रिस्टिना कोचेमिडोवा यांनी २००५ साली केले आहे. समारंभाची नोंद ही कुटुंबाच्या सुखाचे चित्र कशी होत गेली, याचा हा एक पुरावाच होय.

५

वर्षग्रंथाच्या पानावर सर्वांना सारखी चौकट मिळते, हे वर सांगितले. पण मुळात शाळाच विभक्त असतील, तर ही समानता त्या त्या शाळेच्या कुंपणापुरतीच राहते. वॉशिंग्टन शहरात कृष्णवर्णीयांसाठी १८७० साली सुरू झालेले सार्वजनिक हायस्कूल १९१६ पासून डनबार हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आले. याच शहरात अॅडिसन स्करलॉक याने १९११ साली यू स्ट्रीटवर आपला स्टुडिओ उघडला. हॉवर्ड विद्यापीठाचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्याने दीर्घकाळ काम केले. शहरातील कृष्णवर्णीय समाजाचे विवाह, सभा-संमेलने आणि पदवीदान-समारंभ यांची चित्रे या स्टुडिओतून निघाली. स्करलॉकच्या पुत्रांनी हा व्यवसाय पुढे चालविला, आणि हा संग्रह आता स्मिथसोनियन संस्थेत आहे. वृत्तपत्रांतून व नाटकांतून कृष्णवर्णीयांची विकृत व्यंगचित्रे सर्रास प्रसिद्ध होत होती, त्या काळात काळजीपूर्वक योजलेल्या प्रकाशात, उत्तम पोशाखात, शांत मुद्रेने बसलेल्या तरुण स्नातकाचे चित्र हे केवळ घरगुती स्मरणचिन्ह नव्हते. समाजाने नाकारलेल्या प्रतिष्ठेची ती स्वहस्ते केलेली नोंद होती. स्टुडिओच्या दर्शनी खिडकीत ही चित्रे मांडली जात, आणि तेथे आपले चित्र लागणे हा मान समजला जाई.

दुसरे उदाहरण युद्धकाळातील आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या हुकुमान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना घरादारातून हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. लॉस एंजल्समध्ये १९२३ पासून स्टुडिओ चालविणारा तोयो मियाताके सहकुटुंब कॅलिफोर्नियातील मान्झनार छावणीत आला. बंदिवानांना कॅमेरा बाळगण्याची मनाई होती. मियाताकेने आपल्यासोबत एक भिंग व फिल्म धरण्याची चौकट लपवून आणली, आणि छावणीतील एका सुताराकडून लाकडी पेटी करवून घेऊन तिचा कॅमेरा बनविला. पुढे छावणीच्या व्यवस्थापकांनी त्याला छायाचित्रे घेण्याची अनुज्ञा दिली. तीही प्रारंभी अशा अटीवर की, सर्व सिद्धता त्याने करावी, पण कळ मात्र गौरवर्णीय कर्मचाऱ्याने दाबावी! ही अट कालांतराने गळून पडली. छावणीत हायस्कूल होते, आणि त्याचा ‘अवर वर्ल्ड’ या नावाचा वर्षग्रंथ १९४४ साली निघाला. त्यातील चित्रांचे काम मियाताकेकडे होते. काटेरी तारांच्या आत वाढणाऱ्या मुलामुलींनी देशातील इतर कोणत्याही शाळेप्रमाणे आपली चित्रे, आपली मंडळे आणि आपले खेळ यांचे पुस्तक करावे, यात अनुकरण तर आहेच. परंतु ज्या शासनाने त्यांना नागरिकांच्या यादीतून व्यवहारतः वगळले, त्याच्यासमोर त्यांनी स्वतःची यादी स्वतः छापली, हाही त्याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट रसायनाची आहे. रंगीत फिल्म आणि रंगीत कागद युद्धोत्तर काळात शालेय चित्रांत आले. रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे जे नमुनाचित्र पुरवी, त्याला व्यवसायात ‘शर्ली कार्ड’ असे नाव पडले. फिल्मची ग्रहणशक्ती गोऱ्या त्वचेच्या मानाने बेतलेली असल्यामुळे सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे तपशील चित्रात हरवत. गोरी आणि काळी मुले एकाच वर्गात बसू लागल्यानंतर हा दोष वर्गाच्या चित्रांत उघड दिसू लागला. कॅनडातील अभ्यासिका लोर्ना रॉथ यांनी २००९ साली या प्रकरणाचा इतिहास प्रसिद्ध केला. फिल्मच्या सुधारणेला चालना मिळण्यात फर्निचर आणि चॉकलेट यांच्या उत्पादकांनी केलेल्या तक्रारींचा वाटा होता, असे त्यांनी दाखविले आहे. गडद लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा जाहिरातींत नीट उमटत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. चौकट सारखी असली तरी तिच्यातील चेहरा सारख्याच स्पष्टतेने उमटेल, याची शाश्वती तंत्राने दिलेली नव्हती.

६

चित्रावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न आरंभी विशेष भेडसावला नाही. १९०९ सालच्या स्वामित्वहक्क-कायद्याच्या काळात न्यायालये सामान्यतः असे मानीत की, गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढविलेल्या व्यक्तिचित्राचा हक्क गिऱ्हाइकाकडे जातो. १ जानेवारी १९७८ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही स्थिती बदलली. वेगळा लेखी करार नसेल तर हक्क छायाचित्रकाराकडे राहतो, असे ठरले. म्हणून आपल्याच चेहऱ्याच्या चित्राची प्रत काढावयाची, तर स्टुडिओची अनुमती घेणे प्राप्त झाले.

याहून तीव्र वाद शाळा आणि विद्यार्थी यांच्यात झाले. १९७० नंतरच्या दशकांत झाडाखाली, नदीकाठी, वाद्य किंवा चेंडू हाती घेऊन चित्र काढविण्याची आवड वाढली. विद्यार्थ्याला आपल्या चित्रातून आपली विशेष ओळख दाखवावीशी वाटू लागली. खासगी प्रतीत यास अडथळा नव्हता. वर्षग्रंथाच्या पानावर मात्र शिस्तीचा प्रश्न उभा राहिला. न्यू हॅम्पशायर राज्यात एका विद्यार्थ्याने नेमबाजीच्या छंदाची खूण म्हणून बंदुकीसह काढलेले चित्र वर्षग्रंथाच्या संपादकांनी सीनियरांच्या पानावर घेण्याचे नाकारले. प्रकरण संघ-न्यायालयात गेले. हा निर्णय विद्यार्थी-संपादकांचा असून तो शासनाचा ठरत नाही, या कारणास्तव न्यायालयाने २००५ साली विद्यार्थ्याची मनाईहुकुमाची मागणी फेटाळली.

मिसिसिपी राज्यातील प्रकरण अधिक बोधप्रद आहे. तेथील एका विद्यार्थिनीने मखमलीचे वस्त्र नाकारून मुलांसाठी असलेला काळा कोट घालून चित्र काढविले. शाळेने २०१० च्या वर्षग्रंथात सीनियरांच्या पानांवर तिचे चित्र घेतले नाही, आणि तेथे तिचे नावही आले नाही. तिने दावा लावला, व २०११ साली तडजोड झाली. यापुढे सर्व विद्यार्थ्यांनी, मुलगा-मुलगी असा भेद न करता, झगा व टोपी घालूनच चित्र काढवावे, असे शाळा-मंडळाने मान्य केले. या निकालाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. व्यक्तीला हवा तो पोशाख घालण्याची मुभा त्यातून मिळाली नाही. परंतु मखमल आणि कोट यांनी जो भेद पक्का केला होता, तो पुसला गेला, आणि नोंदीचे पान आपल्या मूळ हेतूकडे परतले. चित्र हे खासगी अभिव्यक्तीचे साधन आहे की सार्वजनिक नोंद, या प्रश्नाचे उत्तर येथे नोंदीच्या बाजूने दिले गेले.

साथीच्या काळात या नोंदीचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास आले. २०२० च्या वसंतात कोव्हिडमुळे शाळा बंद पडल्या आणि शालान्त समारंभ रद्द झाले किंवा पुढे गेले. तेव्हा अनेक गावांनी आपल्या सीनियरांची छायाचित्रे मोठ्या कापडी फलकांवर छापून मुख्य रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर लावली. शरदात काढून ठेवलेले चित्रच समारंभाच्या जागी उभे राहिले. वर्षग्रंथाचे पान जणू गावाच्या रस्त्यावर उलगडले गेले.

७

या सर्व विवेचनावरून असे दिसून येईल की, शालान्त विद्यार्थ्याचे छायाचित्र ही स्टुडिओ, शाळा आणि कुटुंब या तिघांनी मिळून घडविलेली वस्तू आहे. तिचा खासगी भाग कॉलेजच्या आल्बमातून आला आणि सार्वजनिक भाग हायस्कुलाच्या प्रसाराने दिला. सारखी चौकट, सारखा पोशाख आणि वर्णानुक्रम यांनी एका विषम समाजात समतेचे एक पान निर्माण केले, हे त्याचे श्रेय. ते पान शाळेच्या, वर्णाच्या आणि ऐपतीच्या मर्यादेत राहिले, ही त्याची उणीव.

अशा चित्रांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या वर्षग्रंथांत सीनियरांच्या चित्रांनंतर पुष्कळदा एक लहानशी यादी आढळते. ज्यांचे चित्र उपलब्ध नाही, त्यांची केवळ नावे तीत दिलेली असतात. कोणी त्या दिवशी आजारी असेल, कोणी कामावर गेला असेल, कोणाजवळ बैठकीचे पैसे नसतील, तर कोणी वर्षाच्या मध्यास त्या शाळेत आला असेल. यांत्रिक परीक्षणात सहस्रावधी चेहऱ्यांची गणना होते, परंतु या नावांना चेहरा नसल्यामुळे ती गणनेबाहेर राहतात. त्यांच्याही पलीकडे शाळा अर्ध्यावर सोडलेले विद्यार्थी आहेत, ज्यांचे नावही पानावर नाही. १९४० सालच्या कोणत्याही वर्षग्रंथाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे की, त्या वयाच्या तरुणांपैकी जवळजवळ अर्धे या पानांच्या बाहेर होते. या प्रथेचा पुढील अभ्यास करणाऱ्याने छापलेल्या चौकटींबरोबर ही चित्रहीन नावांची यादी आणि त्या त्या वर्षीचे शाळेचे पटपत्रक यांची तुलना करावी. समतेच्या या पानाचे खरे मोजमाप त्या तुलनेतूनच हाती येईल.